दीड वीसै तूप

माझी मुलगी तीन महिन्यांची होईपर्यंत माझ्या कागदावर तिचा खर्च शून्य होता. पहिले बाळंतपण माहेरी करायचे आणि त्या खर्चाला जावयाने हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मी एकदा तिरुवैयारूला सासूबाईंच्या हाती दोनशे रुपये ठेवायला गेलो, तर त्या दोन पावले मागे सरल्या. "खिशात ठेवा, माप्पिळ्ळै," म्हणाल्या. जावयाला त्या तमिळमध्येच हाक मारीत. "तुमचा खर्च पुढे आहेच."

हा पुढचा खर्च किती, ते काढायला मी दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी बसलो.

तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत आमचे भाड्याचे दोन खोल्यांचे घर होते. घरात मी, बायको आणि माझी विधवा आत्या. आईवडील दोघेही गेलेले. मी ओरत्तनाडूच्या एका सरकारी कचेरीत लेखा विभागात होतो. रोज बसने जाऊन येऊन. हातात पगार पडे अठराशे चौऱ्याहत्तर. भाडे, किराणा, तिघांचे दूध, गॅस आणि वीज, बसचा पास, आत्याची औषधे, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, वर्तमानपत्र आणि किरकोळ, असे मिळून पंधराशे तीस जात. उरत तीनशे चव्वेचाळीस. बाळासाठी माझ्याकडे होते ते एवढेच.

तो काळ असा होता की दर महिन्याला कशाचा तरी भाव नवा कळायचा. औषधांच्या दुकानात काचेच्या कपाटात बाळांच्या वस्तू मांडायला नुकती सुरुवात झाली होती: गुलाबी डबे, एकदा वापरून फेकून द्यायच्या लंगोट्या, वासाची तेले. कचेरीत माझ्या शेजारी बसणारा सहकारी जेवणाच्या सुटीत शेअरचे फॉर्म भरायचा. तो म्हणाला, "हजार रुपये धरून चाल. आता मुलं महाग झालीत." मी हसलो. कुणी तोंडी सांगितलेला आकडा मी कधी धरत नाही. मला लिहिलेले लागते.

लिहिलेले माझ्याकडे होते. आजोबांची घरखर्चाची वही वडिलांकडून माझ्याकडे आली होती. भाषा मराठी, अक्षरे तमिळ. आम्हा तंजावरच्या मराठी लोकांत बहुतेकांचे तसेच. देवनागरी मी स्वतः चाळिशीनंतर शिकलो. आजोबा एका जमीनदाराकडे हिशेबनीस होते आणि त्यांची बेरीज कधी चुकली नाही, असे वडील सांगत. वहीत एका पानावर मथळा होता: "बाळबाळंतीण, दर महिना." त्याखाली रोज एक पडी दूध, दीड वीसै तूप, दीड वीसै तिळाचे तेल, सुंठ-मिरी-ताडगूळ-लसूण यांची वजने, चुलीचे लाकूड, धोबीण, न्हाऊ घालणारी बाई. पानावर साल नव्हते. भाव जुने होते, ते मी सोडून दिले आणि फक्त मापे घेतली. पडी म्हणजे सुमारे दीड लिटर. वीसै म्हणजे चाळीस पलम, आजचे चौदाशे ग्रॅम. बाजारात फिरून चालू भाव विचारले आणि गुणाकार केले.

दूध तीनशे पंधरा. तूप दोनशे. तेल चौऱ्याऐंशी. काढ्याचे आणि लेह्याचे, म्हणजे बाळंतिणीच्या चाटणाचे, सामान शहाण्णव. सरपण पंचाहत्तर. धोबीण साठ. न्हाऊ घालणाऱ्या बाईचा आमच्या गल्लीतला दर एकशे वीस. डॉक्टर आणि औषधे आजोबांच्या पानावर नव्हती, ती मी माझ्याकडून साठ धरली. बेरीज एक हजार दहा. सहकाऱ्याचा आकडा दहा रुपयांनी चुकला होता, एवढेच.

तीनशे चव्वेचाळीस वजा केले. सहाशे सहासष्ट कमी.

एका बाईला महिन्याला दोन किलोच्या वर तूप लागते का, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडलाही होता. पण मी स्वतःला सांगितले की जुनी माणसे खाणारी होती. घरात आत्या होती, तिला विचारता आले असते. पण बाळंतीण बाई किती तूप खाते, हे पुरुषाने आत्याला विचारायचे, याचा मला संकोच वाटला. वहीला विचारण्यात संकोच नव्हता.

पुढच्या रविवारी तिरुवैयारूला गेलो. घराच्या मागच्या ओसरीवरून कावेरीच्या पायऱ्या दिसत. बायको तिथे मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मी सांगितले की जानेवारीत महागाई भत्ता वाढेल, सोसायटीचा एक हप्ताही कमी होईल, तेव्हा पोंगल झाल्यावर घरी यावे.

"पोंगलच्या आधीच्या मार्गळी महिन्यात मूल हलवायचं नाही, ते मला कळतं," ती म्हणाली. "पण मार्गळी लागायला अजून महिन्याच्या वर आहे."

"सहाशे सहासष्ट कमी पडतात."

"कशाला?"

मी कागद दिला. तिने मुलीला दुसऱ्या हातावर घेऊन तो वाचला. वाचता वाचता एका ठिकाणी थांबली.

"दोन किलो शंभर ग्रॅम तूप. हे मी खायचं?"

"आजोबांच्या वहीत आहे."

"मग आजोबांनाच बसवा पानावर."

आत स्वयंपाकघरात तिची वहिनी भांडी लावत होती. बायकोने आवाज खाली आणला. "अम्माला काही वाटत नाही. दादालाही नाही. वहिनी तोंडाने काही म्हणत नाही, पण माझ्यापुढे दुधाचा पेला ठेवते ना, तो आवाज करून ठेवते. तीन महिने ऐकला. आणखी दोन महिने कसा ऐकू, ते तुमच्या कागदावर कुठं लिहिलंय?"

मुलगी जागी झाली होती आणि माझ्या शर्टाच्या गुंडीकडे बघत होती. रविवारी दुपारी तीन तास, एवढीच आमची ओळख.

"आत्यांना विचारलंत?" बायकोने विचारले.

"त्यांना काय विचारायचं?"

"बाईमाणसाचं खाणं बाईमाणसाला विचारायचं. विचारून या. त्यानंतरही पोंगल म्हणालात तर पोंगल. मी एक शब्द बोलणार नाही."

परतीच्या बसमध्ये मी कागद पुन्हा तपासला. बेरीज बरोबर होती.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. आत्या मागच्या दारी सुपात शेवग्याचा पाला निवडत होती. मी उंबऱ्यावर बसलो आणि इकडचे तिकडचे काही न बोलता थेट सांगून टाकले, की बाळंतिणीच्या खर्चाची यादी आहे, ऐका आणि चूक असेल तर सांगा. ती पाला निवडत राहिली. दूध, तूप, तेल, मान खाली. "न्हाऊ घालणारी, एक, दोन वेळचं जेवण," असे वाचले तेव्हा तिचा हात थांबला.

"दोन वेळचं जेवण?"

"असं लिहिलंय."

"अय्यो, ती म्हातारी." आत्या हसायला लागली. "सकाळी येऊन बसायची ती दुपार व्हायची तिला. आमचं खाऊन आम्हालाच शिव्या द्यायची. तिघी तिघींना न्हाऊ घालायचं म्हणजे काय खेळ होता? आणि तीन पोरं वेगळी."

"तिघी कोण?"

"तुझी काकू, तुझी आई आणि मी. एका आडी महिन्याच्या पाठीवर तिघी बाळंत झालो. तुझ्या आईला माहेर उरलं नव्हतं, मी माहेरी आलेली. मधल्या खोलीत ओळीनं तीन बाजा. तुझे आजोबा दारातून बघायचे आणि म्हणायचे, हा काय दवाखाना झाला. हे त्या वर्षीचं पान आहे, कण्णा. त्या तीन पोरांतला एक तू."

मी पानाकडे बघत राहिलो. मथळा तोच होता. बाळबाळंतीण, दर महिना. किती जणी, ते आजोबांनी लिहिले नव्हते. त्यांना ते कशाला लिहावे लागले असते? घरातल्या सगळ्यांना माहीत होते. एवढ्या वर्षांनंतर कुणी हे पान उघडून त्यावर स्वतःचा संसार मांडेल, हे त्यांच्या मनात येण्याचे कारण नव्हते. कचेरीत मी दुसऱ्यांना रोज सांगत असे की संख्या आधी बघा, नग किती ते लिहा, मग रक्कम. आणि स्वतः तीन नगांचा खर्च एकावर टाकला होता. त्यात एक नग मीच होतो.

मग मला उशिरा लक्षात आले. काकूचा मुलगा म्हणजे माझा चुलतभाऊ. आईचा मी. आत्याला मूल झाले होते, हे मला कुणी कधी सांगितले नव्हते.

"तुमचं मूल?"

"मुलगा होता. पाचव्या महिन्यात गेला. ताप आला दोन दिवस." शेवग्याचा पाला जून निघाला हे सांगावे, त्या आवाजात तिने हे सांगितले. तिने सुपातला एक देठ मोडून बाजूला टाकला आणि म्हणाली, "बसलायस काय? तीनानं भाग की."

मी भागले. दुधापासून धोबिणीपर्यंत आठशे तीस होते, त्याचे दोनशे सत्त्याहत्तर झाले. न्हाऊ घालणारी आणि डॉक्टर भागायचे नव्हते, ते एकशे ऐंशी. एकूण चारशे सत्तावन्न.

"पुरतात?"

"एकशे तेरा कमी."

"न्हाऊ घालणारीला किती धरलेस?"

"एकशे वीस."

"एकशे वीस?" तिने सूप खाली ठेवले. "आणि मी घरात कशाला आहे?"

"तुमचे गुडघे..."

"दुखतात ते दुमडताना. न्हाऊ घालताना पाय लांब करून बसतात. पुरुषांना तेवढंही ठाऊक नसतं." मग सूप पुन्हा मांडीवर घेऊन ती म्हणाली, "मी आपण होऊन बोलले नाही, कारण माझ्या हातून पोर गेलेलं. तुझ्या सासूला काय वाटेल, पहिलं मूल माझ्या पायांवर द्यायला. तिला विचार आधी. नको म्हणाली तर राग धरायचा नाही."

एकशे वीस काढले तर खर्च होत होता तीनशे सदतीस. शिल्लक सात रुपये. मी तीन वेळा वजाबाकी केली. तिन्ही वेळा सात. त्या महिन्यात पहिल्यांदाच मला भूक लागल्यासारखे वाटले. आत्याने शेवग्याच्या पाल्याची भाजी वाढली. जून होती खरी, तरी दोनदा मागून घेतली.

मी रविवारची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तो घरी न जाता तसाच तिरुवैयारूच्या बसमध्ये बसलो. बायको दारात आली, मला बघून घाबरली. मी म्हणालो, "पोंगल नाही. मार्गळीच्या आधी." तिने कागद मागितलाही नाही. आत जाऊन सासूबाईंना म्हणाली, "तूप आजोबांना नको झालं."

सासूबाईंना मात्र मला सगळे सांगावे लागले, तीन बाजा आणि आत्याचा मुलगा यांसह. वहिनी दाराशी उभी होती, तिनेही ऐकले. सात रुपयांचा सगळा डोलारा आता सासूबाईंच्या एका शब्दावर उभा होता, आणि आत्याही त्याच शब्दाची वाट बघत होती. मग त्या उठून न्हाणीघरात गेल्या आणि काळसर तेलाची एक बाटली घेऊन आल्या. तोंडाला फडक्याचा बोळा.

"हे त्यांना द्या," म्हणाल्या. "वेखंड घालून उकळलेलं आहे. मुलीला ह्याचीच सवय आहे. आणि सांगा, टाळूवर जरा जास्त जिरवा. पोरगी त्याशिवाय झोपत नाही."

तमिळ कार्तिक महिन्यातले दिवे लागायच्या तीन दिवस आधी दोघी घरी आल्या. भाड्याची गाडी सासरच्यांनीच केली. तिचे पैसेही मला देऊ दिले नाहीत. गाडीतून एक पेटी, झोळीसाठी जुनी मऊ नऊवारी आणि वहिनीने दिलेला अर्धा किलो तुपाचा डबा उतरला. डबा बघून बायकोने आणि मी एकमेकांकडे बघितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या न्हाणीघरात पाटावर पाय लांब करून बसली. बायकोने मुलीला तिच्या पायांवर ठेवले. मला गरम पाण्याची कळशी धरून दाराशी उभे केले होते, कारण कळशी जड होती. आत्याने पहिल्यांदा नुसता हात ठेवला मुलीच्या पोटावर, बराच वेळ, पाणी न घालता. मग आत्या म्हणाली, "पाणी निवतंय, कण्णा. ओत."

मुलगी रडली, मग रडायची थांबली, आणि टाळूवर तेल जिरवताना झोपून गेली.

पहिल्या महिन्याच्या शेवटी सात नाही, साडेचार रुपये उरले; साबण धरायचा राहून गेला होता. आजोबांच्या वहीत पुढचे पान कोरे होते, तिथे मी त्या महिन्याचा खर्च तमिळ अक्षरांत लिहिला. मथळा लिहिताना जरा थांबलो आणि मग आधी माणसे लिहिली: बाळ एक, बाळंतीण एक, न्हाऊ घालणारी आत्या. तिच्यापुढच्या रकमेच्या जागी नुसती रेघ ओढली.