घनसावंगी शाखेत साहेब दिसेनात

आमच्या पतसंस्थेच्या अध्यक्षांना एके दिवशी वाटलं, की संस्थेच्या प्रत्येक संगणकावर आपला फोटो असावा. वाटलं म्हणजे कुणीतरी त्यांना वाटायला लावलं. हात जोडलेले साहेब, मागे उगवता सूर्य, खाली संस्थेचं बोधवाक्य. मी जालन्याच्या मुख्य कार्यालयात संगणक सांभाळतो, तेही कंत्राटावर. म्हणजे काही बिघडलं की जबाबदार मी, आणि सुरळीत चाललं की सगळी साहेबांची कृपा.

काम तसं सोपं होतं. मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर एकदा नियम लिहायचा, की सगळ्या शाखांतले संगणक सकाळी सुरू होताना तो विचारून घेतात आणि निमूट पाळतात. आमच्या धंद्यात याला पॉलिसी म्हणतात. हा शब्द मी एकदा मीटिंगमध्ये वापरला, तर एका संचालकांनी हप्ता किती बसेल म्हणून विचारलं. तेव्हापासून मी नुसतं 'नियम' म्हणतो. नियम या शब्दाला आमच्याकडे कुणी फारसं दचकत नाही.

दुसऱ्या दिवशी भोकरदनला साहेब उगवले, पिंपळगाव रेणुकाईला उगवले, धावड्याच्या दोनच संगणकांच्या शाखेतसुद्धा उगवले. घनसावंगीत मात्र सगळ्या पडद्यांवर कंपनीकडून आलेलं जुनं निळं चित्र तसंच. मी मनात म्हटलं, वायर निघाली असेल. सरव्यवस्थापकांना असलं साधं कारण पटत नाही. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतः उठून दार लावलं.

"तुम्हाला हे साधं वाटून राह्यलं काय?" ते म्हणाले. "तिथल्या मॅडमचा मामेभाऊ संचालकाच्या निवडणुकीला समोरच्या पॅनलमधून उभा होता. अन् आता नेमका तिथंच साहेबांचा फोटो न्हाई."

"नेटवर्कचा दोष असेल, सर."

"नेटवर्कला बरा फक्त साहेबांचाच फोटो खुपला!"

आमच्या संस्थेत पंखा बंद पडला तरी तो कोणत्या पॅनलचा, हे आधी बघतात.

"सोमवारी साहेब तिकडं लॉकरच्या उद्घाटनाला चाललेत," सरव्यवस्थापकांनी शेवटचं सांगितलं. "तवर फोटो लागला तर ठीक. न्हाईतर मॅडमची बदली धावड्याला."

धावडा माझं गाव. घनसावंगी जिल्ह्याच्या खालच्या अंगाला, गोदावरीकडे. धावडा पार वरच्या टोकाला. तिथं माझं घर आहे, शेत आहे, माणसं चांगली आहेत. सरकारी असो की सहकारी, माणसाला शिक्षा द्यायची तर माझ्या गावाला पाठवतात हे मला त्या दिवशी कळलं. राग आला, पण केबिनमधून बाहेर येईपर्यंत गिळला. कंत्राटी माणसाचा राग दारापर्यंतच टिकतो.

मी घनसावंगीला फोन लावला. शाखा सांभाळणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या, हिशोबाला चोख, बोलायला मोजक्या. संगणक बंद करून चालू केले का, हा आमच्या धंद्यातला आद्य प्रश्न मी विचारला.

"सगळे केले, सर. पुन्हा पुन्हा केले. निळंच येऊन राह्यलं."

मग मी त्यांना काळी खिडकी उघडायला लावली, एकेक अक्षर सांगून आज्ञा टाइप करून घेतली. नियम आत्ताच्या आत्ता घेऊन ये, असा त्या आज्ञेचा अर्थ. संगणकानं बराच विचार केला आणि इंग्रजीत एक परिच्छेदभर नकार दिला. मॅडमनी तो मला शाळेतल्या धड्यासारखा वाचून दाखवला. कळलं एवढंच, की जमणार नाही.

परिच्छेद संपला, आणि त्या थांबून म्हणाल्या, "सर, फोटो मी काढला असं वाटून राह्यलं का तिकडं?"

मी खोकलो.

"वाटू द्या. पण मला बदली नको, सर. बिलकुल नको. बाकी काय म्हणायचं ते म्हणा."

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच गेलो. शाखेत शिरल्याबरोबर कॅशियर, शिपाई आणि दोन्ही लिपिक माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी डॉक्टर आणि आतल्या खोलीत पेशंट. मी वायरी तपासल्या. डबा तपासला, म्हणजे तो भिंतीवरचा लुकलुकणारा डबा. संगणक कोणत्या सर्व्हरचा पत्ता विचारतात ते पाहिलं, पत्ता बरोबर. जालन्याला फोन करून यादीत ही शाखा योग्य गटात आहे का ते पाहायला लावलं, होती. एका संगणकाला यंत्रणेतून काढून पुन्हा जोडायला गेलो, तर तो जोडूनच घेईना. आता तर धड निळंही दिसेना. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं माझं दुपारपर्यंत चाललं होतं.

मधल्या सुट्टीत मॅडम उठल्या. "चला सर, घोटभर चहा घ्या घरी. जवळच हाय."

घर खरोखरच मागच्या गल्लीत होतं. ओसरीत खाटेवर त्यांचे वडील बसलेले, पाठीला दोन उशा. निवृत्त गुरुजी. लकव्यानं एक बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं, पण नजर वर्गावर ठेवतात तशी माझ्यावर ठेवली. गाव विचारलं, मी धावडा सांगितलं. गावानंतर आमच्या भागात जे विचारतात तेही विचारलं. मी आडनाव सांगितलं. तेव्हा त्यांनी धड असलेला हात हळूहळू वर नेऊन जयभीम केला. मीही केला. मॅडमनी तोवर वाटीत वरण घेऊन त्यात भाकरी कुस्करली होती. त्या एकेक घास भरवत होत्या, आणि म्हातारा माणूस डोळे मिटून खात होता.

"भाऊ पुण्याला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "दोनदा बाई लावून पाहिली. दुसऱ्याच्या हातानं खात न्हाईत. दात आवळून बसतात. शाखा इथं हाय म्हणून दुपारचं जेवण तरी होतं यांचं."

मला चहा गोड लागला नाही, साखर भरपूर असूनही. इतका वेळ मला एका फोटोचं काम वाटत होतं. आता ते एका वाटीचं झालं होतं.

परत आल्यावर मी आधी करायला हवं होतं ते केलं. अंदाज सोडले आणि संगणक स्वतः आतल्या आत जी कुरकुर लिहून ठेवतो ती वाचायला बसलो. तिथं तीच ती तक्रार पुन्हा पुन्हा होती: माझी वेळ आणि सर्व्हरची वेळ जुळत नाही. सर्व्हर या बाबतीत जुन्या हेडमास्तरासारखा असतो. घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, की तो संगणकाला ओळखच देत नाही; आणि ओळख नाही तर नियम नाही. मी पडद्यावरची वेळ पाहिली. मग मोबाईल पाहिला. मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. पडदा आणि भिंत यांचं एकमत होतं, माझा मोबाईल मागे होता. एक संगणक चुकला तर समजू शकतो, पण सगळे एकाच मापानं चुकलेले! इतकी शिस्त मी मुख्य कार्यालयातही पाहिली नव्हती.

"मॅडम, ही घड्याळं?"

"पुढं हायेत," त्या सरळ म्हणाल्या. "कॅशियर अन् शिपाई नदीकडच्या गावचे. संध्याकाळची शेवटची जीप भरली की निघती, कुणासाठी थांबत न्हाई. तिच्यासाठी भिंतीवरचं घड्याळ माझ्या आधीपासून पुढं हाय. सकाळी शाखा पण तेवढीच लौकर उघडतो, बराबर तेवढीच. चोरी न्हाई केली."

"पण संगणक कशाला पुढे केले?"

"भिंतीवर एक टाइम अन् कम्प्युटरवर दुसरा. गिऱ्हाईक विचारायचे, खरा कोणता? बरं दिसत न्हाई ना ते. मंग कम्प्युटर बसवायला आल्ता त्या माणसालाच सांगून एकसारखे करून घेतले. ते आपोआप मागं यायचे, तर ते पण त्यानं बंद करून दिलं."

व्यवहारांचं सॉफ्टवेअर आपली वेळ स्वतः घेतं, त्यामुळे पैशांच्या नोंदी अचूक होत्या. मी तपासून पाहिलं. बिघडलं होतं ते फक्त माझं राज्य. पेनड्राइव्ह लावू नका, पासवर्ड बदला, असे माझे आधीचे सगळे नियमही या शाखेत पोचलेच नव्हते. त्यांची उणीव कुणाला भासली नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नाही.

आता प्रश्न होता जालन्याला काय सांगायचं. 'घड्याळं पुढे होती' हे खरं कारण. पण सरव्यवस्थापक ते कसं वाचतील, हे मला आधीच ऐकू येत होतं: शाखाधिकाऱ्यांनी वेळेत फेरफार केला. फोटो काढल्याचा संशय परवडला, हा तर पुरावाच झाला असता. मी संगणकांची वेळ दुरुस्त केली, तोडलेला संगणक परत जोडला, वेळ आपोआप जुळवणारी सोय पुन्हा चालू केली आणि सरव्यवस्थापकांना फोनवर म्हटलं, "जोडणीत दोष होता, काढला." शब्दन् शब्द खरा होता. भिंतीवरचं घड्याळ मी तसंच ठेवलं. ते माझ्या खात्यात येत नाही.

संगणक पुन्हा सुरू केले आणि एकामागून एक सगळ्या पडद्यांवर साहेब उगवले. कॅशियरनं सवयीनं हात जोडले. मॅडम मला सोडायला रस्त्यापर्यंत आल्या. जीपमध्ये दोघांच्या जागेत आम्ही चौघं बसलो होतो, तरी मी आतून फुलून गेलो होतो. आपल्या कामानं कुणाच्या घरातलं एक जेवण वाचलं, असं म्हणायची संधी आमच्या धंद्यात कुठं मिळते? टोनर बदलण्यातच आयुष्य जातं.

सोमवारी मलाही उद्घाटनाला नेलं होतं, ऐन वेळी साहेब मावळू नयेत म्हणून. अध्यक्षांनी फीत कापली, लॉकरकडे ओझरतं पाहिलं आणि संगणकांसमोर मात्र बराच वेळ उभे राहिले. प्रत्येक पडद्यापाशी थांबले. स्वतःचा चेहरा इतक्यांदा सलग पाहून माणूस हळवा होत असावा.

"ही शाखा आपल्या विरोधात हाय म्हणत होते ना तुम्ही?" त्यांनी सरव्यवस्थापकांना विचारलं. "एवढी शिस्त तर आपल्या हेड ऑफिसला न्हाई."

सरव्यवस्थापक हसले. ते कशालाही हसू शकतात.

"असं माणूस इथं कशाला कुजवता? आपल्याजवळ पाहिजे."

आठवड्याच्या आत आदेश निघाला. मॅडमना बढती, नेमणूक जालना, मुख्य कार्यालय. भीक नको पण कुत्रा आवर, असं म्हणायलाही त्यांना वाव नव्हता. त्या जालन्याला येऊन सरव्यवस्थापकांना भेटल्या, वडिलांचं सांगितलं. ते म्हणाले, "बढती कुणी नाकारतं का? साहेबांना काय वाटंल? आधीच तुमचा मामेभाऊ..."

आता त्या माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. घनसावंगीहून पहिल्या बसनं येतात, अंधार पडल्यावर परत घरी पोचतात. मला अजून 'सर' म्हणतात, माझ्यावर रागावलेल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान मला उलट बोलता आलं असतं. परवा जेवणाच्या सुट्टीत धीर करून मी गुरुजींचं विचारलं.

"शेजारची बाई लावली, सर. चांगली हाय बिचारी." त्यांनी डबा उघडला होता, पण हात लावला नव्हता. "रोज या टायमाला फोन करते. ते म्हणतात, जेवलो बाळा, पोटभर जेवलो. मंग बाई फोन घेऊन बाहेर येती अन् हळूच सांगती, ताई, ताट तसंच हाय."