गुंडप्पा मामांनी दुरुस्त केलेलं ड्रॉइंग

गुंडप्पा मामांनी माझी पीएचडी जवळजवळ बुडवली होती.

आज सकाळी ते गेले. चहा घेतला, अंगणात टेकले आणि गेले. उदगीरहून त्यांच्या मुलाचा फोन आला.

मी रडले. मग एकदम हसूच यायला लागलं. नवरा गाडी चालवता चालवता माझ्याकडे बघून राहिलाय, बाईचं डोकं फिरलं की काय म्हणून. आम्ही नांदेडहून निघालोय. वाटेत हे टाइप करतेय.

मामा म्हणजे सख्खे मामा नव्हेत. गवंडी.

माझा विषय होता, दगडमातीची घरं भूकंपात कशी हलतात. आमच्या कॉलेजात शेक टेबल होतं, म्हणजे मोटरवर गदागदा हलणारा लोखंडी पाट. त्यावर घराचं मॉडेल ठेवायचं, खोटा भूकंप द्यायचा आणि सेन्सरनं मोजायचं.

मला कमरेएवढी दोन मॉडेलं हवी होती. एक जुन्या पद्धतीचं. ते पडायला पाहिजे. दुसरं काँक्रीटचा पट्टा घातलेलं. ते उभं राहायला पाहिजे. दोन्हींतला फरक म्हणजे माझा थिसिस. बस्स.

आता दगडमातीत काम करणारा गवंडी शोधा! सगळे विटा-सिमेंटवाले. शेवटी एका ठेकेदारानं मामांना आणून दिलं. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, खांद्यावर टॉवेल. ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हाव. व्हतंय."

टेस्टच्या दिवशी बाहेरून दोन प्रोफेसर आले. माझी मुदत संपत आलेली. एकदा वाढवून मिळाली होती, पुन्हा मिळणार नव्हती.

पट्ट्याचं मॉडेल हललं, उभं राहिलं. छान.

मग जुन्या पद्धतीचं. मोटर सुरू.

उभं.

स्पीड वाढवला.

उभं! थोडी माती झडली, तेवढंच.

गाइड सर माझ्याकडे बघायला लागले. "अगं, हे पडत का नाही?"

मी मागे वळून पाहिलं, तर मामा हात जोडून उभे. चेहऱ्यावर असा आनंद, जणू नातू मेरिटमध्ये आला.

पाहुणे गेल्यावर भिंतीचा कोपरा उकलला. आत प्रत्येक थरात आरपार दगड!

आपल्याकडच्या जुन्या भिंतीत आतून एक पदर, बाहेरून एक पदर आणि मध्ये माती. हादरा बसला की पदर सुटतात आणि घर बसतं. या बाजूपासून त्या बाजूपर्यंत लांब दगड घातले तर दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतात. माझ्या ड्रॉइंगमध्ये ते मुद्दाम वगळले होते.

"मामा, हे दगड ड्रॉइंगमध्ये कुठं होते?"

"न्हवते. चूक व्हती तुमची. म्या दुरुस्त केली."

"मग मला सांगायचं ना!"

"चार लोकांत तुमची इज्जत गेली असती न, म्याडम. म्हनून गुपचूप केलं."

मी डोक्याला हात लावून खालीच बसले. "अहो मामा, ते पडायलाच पाहिजे होतं!"

"पडायसाठी घर बांधून राहिले व्हय तुमी?"

त्यांना ते पटेचना. मग टॉवेलनं तोंड पुसलं आणि सांगितलं. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचा धाकटा भाऊ भिंतीखाली गेला. ती भिंत मामांनीच बांधलेली. घाईघाईत, आरपार दगडाविना.

"तवापासून तसली भिंत या हातानं न्हाई, म्याडम. खेळण्यातली बी न्हाई."



सरांनी हातापाया पडून आठ दिवस मिळवले. पडणारं घर मी स्वतः बांधलं. मामा शेजारी स्टुलावर बसून चहा पीत.

"म्याडम, तिथं एक दगड..."

"मामा!"

"ऱ्हायलं."

माझं घर बारा सेकंदांत भुईसपाट. सरांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा वाईट कामाबद्दल माझं कौतुक झालं.

मामा मात्र ढिगाऱ्याजवळ उकिडवे बसले.

"म्याडम, खरं सांगा. दगड टाकले असते तर माझा भाऊ वाचला असता?"

तिन्ही मॉडेलांचे ग्राफ माझ्यासमोर होते. खोटं बोलावं असं फार वाटलं. नाही बोलले.

"भिंत टिकली असती, मामा."

ते रडले. मीही रडले. थोड्या वेळानं त्यांनी नाक शिंकरलं आणि एकदम उठलेच.

"म्हंजी म्या इतकी वर्सं लोकायला सांगून राहिलो ते खरं हाय! येडा म्हनत व्हते मला. आता मशीनच म्हनून राहिली!"

थिसिसमध्ये दोनाच्या जागी तीन मॉडेलं गेली. परीक्षकांनी सगळ्यात जास्त मामांच्याच भिंतीबद्दल विचारलं. माझ्या नावापुढचं डॉक्टर अर्धं त्यांचं आहे.

आणि तिथून माझे हाल सुरू झाले. मामा कुठंही कामाला गेले की फोन. कुणाचा गोठा असो, कुणाची कंपाउंडची भिंत असो. मालक कुरकुरला की, "थांबा, म्याडमला लावतो." लगेच फोन मालकाच्या कानाला. मी भाजी घेत असो की लग्नाच्या पंगतीत बसलेली असो. "हो, मामा बरोबर सांगून राहिलेत. टाका दगड." जेवण निवायचं, पण मालक ऐकायचा.

आत्ता लोहा ओलांडलं तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"म्याडम, अहमदपूरहून बोलून राहिलो. गवंडी हाय. गुंडप्पा मामानं तुमचा नंबर देऊन ठेवला व्हता. मालक आरपार दगड टाकू देईना. जरा बोला की."

त्याला काहीच माहीत नव्हतं.

मी गाडी बाजूला घ्यायला लावली. मालकाशी चांगली पाच मिनिटं भांडले. शेवटी तो म्हणाला, "बरं बाई, टाकतो. वरडू नका."

मग गवंड्याला सांगितलं, मामा सकाळी गेले.

तो म्हणाला, "मंग काम थांबवत न्हाई, म्याडम. दगड टाकूनच येतो मातीला."

मामा, आम्ही येऊन राहिलोय. तुमच्या म्याडमचा शेवटचा नमस्कार.