काकांना मी फायरिंग लाइनवरून बाहेर काढलं

मंडळी, आज नाशिकला आमच्या शूटिंग रेंजवर नको ते काम करावं लागलं.

मला पिस्तूल शिकवणारे काका आता सत्तरीचे आहेत. मी तिथे कोच झाले, तरी ते दर रविवारी विंचूरहून एसटीने सरावाला येतात. त्यांच्या तरुणपणी गोळीच्या आवाजासाठी कानाला काही लावायची पद्धतच नव्हती. आता कान गेलेत.

आज मी “स्टॉप!” ओरडले. सगळ्यांनी पिस्तुलं खाली ठेवली, एकजण टार्गेट बदलायला निघालासुद्धा. काका गोळी भरत होते. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

“स्टॉप ऐकला नाही तर बाहेर,” हा त्यांचाच नियम. मी तो कागदावर लिहून दाखवला.

काकांनी पिस्तूल रिकामं केलं. म्हणाले, “लिहीत काय बसलीस? आधी बाहेर काढायचं.”

पुढच्या रविवारी ते परत एसटीतून उतरले, तर काय लिहून दाखवू?