काकींचं तिसरं वाक्य

दूध संकलन केंद्राच्या काट्यावर काकींनी उभी हयात काढली. रांगेतल्या माणसाला किटली पुढे सरकवायलाही त्यांची परवानगी लागायची. पाणी घातलेलं दूध त्या बघताक्षणी ओळखत आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात तसं सांगत. निवृत्त झाल्यावर एवढा आवाज घरात ठेवून करायचं काय? त्यांनी बायकांचं मंडळ काढलं.

मंडळाचं नाव ‘स्वतःला घडवा’. घडवणार कोण, याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती. दर गुरुवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत पत्र्याच्या खुर्च्या मांडल्या जात. टेबलामागे काकी, हातात लाकडी पट्टी. नवीन येईल तिने पहिल्याच दिवशी उभं राहून तीन वाक्यं बोलायची: मी कोण, काय करते, आणि इथे खरं कशासाठी आले. पहिली दोन कुणीही बोलून जाई. तिसऱ्याला भल्याभल्यांची बोबडी वळायची. गिरणीवालीपुढे एरवी गिऱ्हाईक वर मान करून बोलत नसे, पण तिसऱ्या वाक्याला तीसुद्धा ढसाढसा रडली. काकींनी टेबलावर पट्टी आपटली.

“रडून झालं की बोल. आम्हाला घाई नाही.”

आणि ती बोलेपर्यंत त्यांनी खरंच कुणाला जागचं हलू दिलं नाही.

शिवणकाम करणारी एक बाई आली, तिचे तर पहिल्या दिवशी नुसते ओठ हलले. तिला हळूबाई हे नाव पडलं ते कायमचं. काकींनी तिला हाताशी धरलं. पार दाराशी जाऊन उभ्या राहायच्या आणि तिथून तिला बोलायला लावायच्या. आवाज हळूहळू तिसऱ्या रांगेपर्यंत आला, मग दारापर्यंत, आणि एक दिवस तिच्या घरापर्यंतही पोचला. तिच्या नवऱ्याने काकींना भर रस्त्यात हात जोडले. “काकी, झाली तेवढी प्रगती पुरे. आता जरा आवरा!”

काकी आठवडाभर हे सगळ्यांना सांगत होत्या. फक्त घरी सांगता आलं नाही. काकांच्या कानांनी केव्हाच दगा दिला होता. कानाचं यंत्र आणलं, तर त्यातून भांड्यांचाच आवाज येतो म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलं. काकी काही सांगू लागल्या की ते मान डोलवत, तीही भलत्याच ठिकाणी. माणूस वाईट नव्हता. पण सकाळपासून रात्रीपर्यंत आपलं एक वाक्य कुणाच्या कानात पडू नये, हे काकींच्या जिवाला लागायचं. गुरुवार होता म्हणून बाकीचे वार निभत होते. मंडळाचं अध्यक्षपद गेलं तर आपलं बोलणं ऐकणारं कोण उरणार, हा विचार मनात आला की त्या उठून उगाच ओटा पुसायला लागत.

अध्यक्ष दरवर्षी निवडायचा, असा मंडळाचा नियम होता. तोही काकींनीच केलेला. त्या विचारत, “कुणाला व्हायचंय?” आणि श्वास न घेता म्हणत, “मग मीच होते.” या वर्षी मात्र त्या ‘मग’ म्हणायच्या आतच हळूबाई उभी राहिली.

“मला व्हायचंय, काकी.”

दारापर्यंत खणखणीत ऐकू गेलं. तिच्यासाठी हात वर झाले, काकींनी मोजले; निम्म्याहून जास्त भरले. गिरणीवालीचाही हात वर होता आणि ती खाली मान घालून बसली होती. काकींना आधी संताप आला. मग भीती वाटली, आणि ती संतापापेक्षा मोठी होती.

त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली, पिशवी उचलली. “चला, मला घरी कामं पडलीत.”

“थांबा,” हळूबाई म्हणाली. “तुमची तीन वाक्यं राहिलीत.”

“माझी? अगं, मंडळ मी काढलंय!”

“म्हणून तर राहून गेली. या खोलीतल्या सगळ्या बोलल्या, काकी. तुम्हीच तेवढ्या नाही.”

खरं होतं. इतक्या वर्षांत ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, काकींच्याही नाही. त्या पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या.

“मी कोण ते गावाला माहीत आहे. जन्मभर दूध मोजलं. आणि मंडळ काढलं ते गावातल्या बायकांची प्रगती व्हावी म्हणून.”

“ते बाहेर पाटीवरही लिहिलंय,” हळूबाई म्हणाली. “खरं कशासाठी?”

काकींनी तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटते म्हणजे काय होतं, हे त्यांना आज कळत होतं. बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरला, तरी खोलीत कुणी हललं नाही. काकी एकेकीच्या तोंडाकडे बघत गेल्या. सगळ्या त्यांच्याकडेच बघत होत्या.

“ह्यांना ऐकू येईनासं झालं,” त्या म्हणाल्या. आवाज पहिल्या रांगेपर्यंत जेमतेम पोचला. “घरात बोलायला कुणी राहिलं नाही. म्हणून काढलं.”

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

“ऐकलं आम्ही, काकी,” हळूबाई म्हणाली. “बसा आता.”

गिरणीवालीच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती. काकी तिथे जाऊन बसल्या.