चेंबरच्या कडेवरची खूण

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. वकिलाला तर नाहीच, आणि त्याला मी सगळं सांगतो. तुम्हाला सांगतोय, कारण समोर बसून तुम्ही तोंड वाकडं करणार नाही. केलंत तरी मला दिसणार नाही.

मी जुन्या यंत्रांचा व्यापारी. पोकलेन, मिक्सर, जनरेटर—पडेल भावात घ्यायचं, रंग मारून विकायचं. लोणी काळभोरहून एका पिशवीनिशी आलो, आज कर्वेनगरात माझ्या नावाची इमारत आहे. पण नेमबाजीच्या क्लबात असल्या माणसाला कोण विचारतं? तिथे सगळे इंग्रजीत खोकणारे. मी शेडवर नवे पत्रे घालून दिले, तेव्हा कुठे ते माझ्याकडे बघून हसायला लागले. माझ्याकडे की पत्र्यांकडे, ते विचारू नका.

पिस्तूल मी तिथल्याच एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतलं, रीतसर परवान्यावर. पॉइंट टू टू बोअरचं, परदेशी, जुनं. तीन महिने घासाघीस करून त्यांना रडकुंडीला आणलं आणि अख्ख्या क्लबात सांगत सुटलो, डॉक्टरला गुंडाळला म्हणून.

क्लबाची हत्यारं अन्वरचाचा दुरुस्त करायचे. खडकीला राहायचे, उभं आयुष्य लेथवर गेलेलं. पिस्तूल साफ करून, तेल देऊन त्यांनी माझ्या हातात ठेवलं आणि बजावलं, "शेठ, रिकामं चालवू नका. ही गोळी कडेवर ठोका खाते, मध्ये नाही. आत गोळी नसली की ठोका देणारी सुई थेट चेंबरच्या, म्हणजे गोळीच्या घराच्या, पोलादावर बसते आणि कड चेपते. चाप ओढायचा सराव करायचाच तर आत उडालेल्या गोळीची जुनी पुंगळी घाला."

शेजारी कॉलेजच्या दोन पोरी उभ्या. त्यांच्यादेखत मला शिकवणी! मी म्हणालो, "चाचा, मी अख्खी पोकलेन खोलून बसवतो."

"पोकलेन खड्डा खणते, शेठ. ह्याला दहाच्या वर्तुळात मारायचंय."

पोरी फिदीफिदी हसल्या.

मग मी काय केलं? घरी भिंतीवर काळा ठिपका काढला आणि रोज सकाळी त्यावर नेम धरून चाप ओढत बसलो. रिकामा. पुंगळ्या माझ्या खिशात खुळखुळत असायच्या. एकही घातली नाही—कारण त्यांनी घाला म्हटलं होतं. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

पिस्तूल अडकायला लागलं. कधी गोळी अर्धवट आत जाऊन बसायची, कधी उडालेल्या गोळीची पुंगळी बाहेरच यायची नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेत तिसऱ्याच गोळीला अडकलं. मी हात वर करून उभा, आणि शेजारच्या लेनवर तेच डॉक्टर. वळून म्हणाले, "काय हो शेठ, माल परत करायचाय का?" सगळी रांग हसली.

चाचांनी पिस्तूल उघडलं, भिंगातून पाहिलं, आणि आजूबाजूला कुणी नाही बघून हळूच विचारलं, "रिकामं चालवलंत ना? असू द्या. कड साफ करून देतो, दोन तासांचं काम. कुणाला बोलणार नाही."

कुणाला बोलणार नाही! म्हणजे माझी चूक ह्या माणसाच्या खिशात राहणार, आणि मी रोज त्याला नमस्कार घालणार? माझ्या धंद्यात एक गोष्ट पक्की शिकलोय. खोट आपली असली की आधी आपणच बोंब मारायची. मी कमिटीकडे लेखी तक्रार दिली: चाचांनी साफ करताना कानस लावून चेंबर बिघडवलं.

रविवारी सकाळी बैठक बसली. चाचा भिंग घेऊन आले. म्हणाले, कानशीची खूण लांब ओरखड्याची असते, ही सुईची आहे, आपण बघून घ्या. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. चिटणीस म्हणाले, "आम्हाला त्यातलं काय कळतंय? शेठ, तुम्हीच बघा."

वा रे न्याय. तक्रार माझी, पंचही मीच.

मी भिंग घेतलं. सावकाश पाहिलं, माल तपासताना पाहतो तसं. कडेवर बारीक चौकोनी खाच होती, रोज त्याच जागी ठोकून पडलेली. इतकी स्पष्ट की शेंबडं पोरही ओळखेल. मी भिंग खाली ठेवलं आणि म्हणालो—

"कानसच आहे."

चाचा ओरडले असते तर मी दुप्पट ओरडलो असतो, त्या तयारीनंच गेलो होतो. ते ओरडले नाहीत. "शेठनी स्वतः बघितलंय, मग मी काय बोलू," म्हणाले, आणि हत्यारांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून गेले. पुढे दुसऱ्या क्लबांनीही त्यांना बोलावणं बंद केलं. बातमी तिथे कुणी पोचवली? मीच. आता ते खडकीत लोकांचे मिक्सर आणि शिलाई मशीन दुरुस्त करतात असं ऐकतो. ऐकतो म्हणजे—चौकशी करतो.

पिस्तूल मी मुंबईच्या एका कारागिराकडे नेलं. त्याचा पहिलाच प्रश्न, "रिकामं चालवलं होतं का?"

"आधीच्या मालकानं," मी म्हणालो. दोन तासांत काम झालं.

त्या डॉक्टरचा मला अजून राग आहे. घड्याळ बघणाऱ्या अध्यक्षाचा तर आहेच. पत्र्यांच्या बदल्यात माणूस देऊन टाकणारी जमात ती. पण भिंग त्यांच्या कुणाच्या हातात नव्हतं.

गेल्या रविवारी क्लबात नवीनच आलेल्या एका मुलीचं पिस्तूल अडकलं. तिनं मला विचारलं, "सर, इथे दुरुस्तीला कुणीच नाही का?"

"होता एक," मी म्हणालो. "नजर गेली होती म्हाताऱ्याची."

तिनं ते खरं मानलं.