बारदानावरचं कपाट

आमच्या घरात सामान राहत नाही, पाहुण्यासारखं चार दिवस मुक्कामाला येतं आणि जागा बदलतं. याला कारण माझा नवरा, आणि त्याला कारण कांदा.

नवरा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर कारकून आहे. तिथली एक शिकवण त्याने घरी आणली: माल एका जागी पडून राहिला की सडतो, म्हणून तो हलवत राहायचा. कांद्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण लोखंडी कपाट सडत नाही, दिवाणाला कोंब फुटत नाहीत, हे मी त्याला लग्न झाल्यापासून सांगतेय. तो शांतपणे ऐकून घेतो, मान डोलावतो आणि दिवाणाचं एक टोक उचलतो. मग म्हणतो, "अगं, ते दुसरं टोक धर जरा."

जुईनगरच्या या भाड्याच्या घरात आम्ही तीन वेळा अकरा-अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट केलं. कागदावर पत्ता एकच. पण एक रविवार आड घर नव्याने लागत असल्यामुळे मी प्रत्यक्षात सत्तर घरांत नांदलेली बाई आहे. एकदा सिलेंडरवाला दारात आला, आत बघितलं, "सॉरी, घर चुकलं" म्हणाला आणि भरलेला सिलेंडर घेऊन परत गेला. ट्यूबलाइटमागची पाल महिनाभर गोंधळून फिरली आणि शेवटी शेजारच्यांकडे राहायला गेली. तिथे ती आता बाळसं धरून आहे. मी स्वतः, हातात गरम चहाचा कप घेऊन, काल जिथे खुर्ची होती तिथे तीनदा बसले आहे.

तरी एक कबूल करते, त्याला सांगू नका. सगळं हलवून झालं की तो दारात उभा राहून चहा पितो आणि नव्या फ्लॅटची किल्ली हातात पडल्यासारखा खोलीकडे बघतो. भाड्याच्या भिंतीला खिळा मारता येत नाही, रंग बदलता येत नाही. आपलं म्हणून काही करायचं तर एवढंच. पहिला तासभर मलाही बरं वाटतं. खिडकीतलं ऊन कुठल्या तरी भलत्याच कोपऱ्यात पडतं आणि खोली हातभर मोठी दिसते. मग मला चमचे सापडत नाहीत आणि ते बरं वाटणं संपतं.

संध्याकाळी मी घरातच शिकवणी घेते. आसपासच्या इमारतींतली पंधरा मुलं मी एकेक करून, एकेका आईला जिन्यात गाठून जमवली आहेत. घर सोडावं लागलं तर ती मुलं काही माझ्यामागे दुसऱ्या स्टेशनावर येणार नाहीत. माझं सगळं टेन्शन ते एवढंच, आणि त्याची दोरी घरमालकीण काकींच्या हातात.

काकी मूळच्या इथल्याच, शेतीवाल्या घरातल्या. इमारत त्यांची, आणि राहायला त्या आमच्या बरोबर खाली. नवीन ॲग्रीमेंटच्या आधी त्या वर येतात, भिंती थोपटतात, लाद्या अशा निरखतात जणू पोटच्या पोरीला सासरी बघायला आल्यात. आमच्या आधीच्या भाडेकरूने ओट्याचा दगड फोडला होता. आठवड्यात त्याचा टेम्पो भरला.

तर यंदा ॲग्रीमेंट संपायला महिना उरलेला, आणि नवऱ्याने घोळ घातला. कपाट सरकवताना तो पायांखाली बारदान घालतो. बारदान म्हणजे मार्केटातलं रिकामं पोतं. त्यावरून जड वस्तू लोण्यासारखी घसरते. एरवी तो ते गॅलरीत दहा वेळा झटकतो. त्या रविवारी नवीन आणलेलं तसंच घातलं. त्याच्या विणीत कुठल्या तरी शेतातले खडे अडकलेले. कपाट घसरलं, आणि दारापासून खिडकीपर्यंत लादीवर असा वळणदार ओरखडा उमटला की वरून विमान गेलं असतं तर पायलटने घाटाचा रस्ता समजून खूण करून ठेवली असती.

आम्ही कपाट, दिवाण आणि सतरंजी अशी ओळीने त्या ओरखड्यावर बसवली. म्हणजे आता काहीच हलवता येईना. दोन रविवार आले आणि गेले. देवाशपथ, इतकी वर्षं मी जे मागत होते ते मला मिळालं होतं, आणि ते सहन होत नव्हतं. नवरा दिवाणावर बसून कपाटाकडे असा बघायचा जसा कुणी आजारी माणसाच्या उशाशी बसतो.

पुढच्या रविवारी दुपारी काकी आल्या. भिंती थोपटल्या नाहीत, लाद्याही बघितल्या नाहीत. सरळ कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तीन रविवार झाले, वरशी आवाज नाय," त्या म्हणाल्या. "एक रविवार सोडून सामान वडताव तुमी. मना वाटला घर खाली करताव. आता बगतंय तं सगला हितंच हाय. काय लपवताव?"

मी मुलांच्या परीक्षा, नवऱ्याची कंबर, हवामान असं बरंच काही सांगून पाहिलं. काकींनी फक्त बोट केलं. "कपाट हलवा."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांपुढे पंधरा मुलं दप्तरं घेऊन पांगत होती, आणि या माणसाच्या चेहऱ्यावर, खोटं सांगत नाही, आनंद होता. तो गॅलरीत गेला, बारदान चांगलं झटकून आला, मी मुकाट्याने दुसरं टोक धरलं आणि कपाट सरकलं. मग दिवाण. मग सतरंजी. घाट उघडा पडला.

काकी उकिडव्या बसल्या. ओरखड्यावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली माती चिमटीत चोळली.

"बारदान झटकला नव्हता?"

"विसरलो, काकी," नवरा म्हणाला.

"मार्केटात काम करतंस आनि बारदान झटकत नाय. आमी भाताची पोती वडलीत, भाऊ. आमच्या सासऱ्यानं तुला भात झोडायच्या खलावर उभा केला नसता." लादीबद्दल अवाक्षर नाही, सगळी शोभा बारदानावरून. मग उठून भिंत चाचपली आणि कपाट खिडकीशीच ठेवा म्हणाल्या, या भिंतीला ओल धरते.

मी घसा साफ करून ॲग्रीमेंटचं विचारलं.

"करू की. पन पुढच्या रविवारी खाली या. माजा सोफा सा वर्सं एका जागी हाय, पोरं हात लावत नाय." मग माझ्याकडे वळून, "मास्तरीनबाय, तुमी पन. दुसरा टोक कोन धरनार?"

शिकवणी वाचली. वर्तुळाचा कंस शिकवायचा असला की मी आता मुलांना फळ्यावर नाही, लादीवर दाखवते. एक रविवार वरचं घर, एक रविवार खालचं. खालचा सोफा सागवानी आहे, आणि काकींना तो अजून कुठेच पसंत पडलेला नाही.