तुटलेल्या तारेची नऊ मिनिटं

माझी आत्या सोफे शिवते. जुन्या सोफ्याचं कापड फाडायचं, खिळे उपटायचे, नवा फोम घालायचा, वरून कापड ताणून ठोकायचं. पंचवीस वर्षं हेच. आणि रविवारी सकाळी त्याच हातांनी ती डबल बास वाजवते. म्हणजे व्हायोलिनच्या खानदानातलं ते माणसापेक्षा उंच धूड.

आमच्या रेकॉर्डच्या कव्हरावर तिचं नाव नाही. मास्तरांचं नाव ठळक, आणि खाली "व साथीदार". साथीदार! अकरा वर्षं जिच्या कारखान्यात फुकट वाजवलं, ती साथीदार!

मास्तर सॅक्सोफोन वाजवतात, शाळेत संगीत शिकवतात. ड्रमवर मी. आमच्या जॅझमध्ये चाल ठरलेली नसते, समोर कागद नसतो. ज्याला वाटेल त्याने सुरू करायचं, बाकीच्यांनी कान देऊन आत शिरायचं. नियम एकच, आत्याने घातलेला: दुसऱ्याचं चालू असताना "थांब" म्हणायचं नाही. मास्तरांचा सॅक्सोफोन एकदा अर्धा तास नुसता शिंकत होता, तरी आम्ही थांबवला नाही.

फोम आवाज खातो, म्हणून आधी तिघं मिळून सगळा फोम अंगणात काढतो. रेकॉर्डिंगच्या दिवशीही काढला. माइकवाला दाराशी मशीन लावून बसला. बाराव्या मिनिटाला आत्याची सगळ्यात जाड तार फाडकन तुटली.

मास्तरांनी सॅक्सोफोन तोंडातून काढला आणि हात वर केला. थांबा म्हणून! आत्याने बघितलंसुद्धा नाही. लोंबणारी तार तिने डाव्या मुठीला गुंडाळली, खेचून धरली आणि तिच्यावर व्हायोलिनसारखा गज ओढला. तार म्हशीसारखी हंबरली. मी खिळ्यांचा डबा उचलून ड्रमवर उपडा केला. मी ठोकतेय, खिळे नाचताहेत, आत्या मूठ सैल करते, आवळते. नऊ मिनिटं, आम्ही दोघीच. शेवटी माइकवाला म्हणाला, "मशीन चालूच आहे ना, हे मी तीनदा बघितलं."

आत्याच्या अंगठ्याचा सांधा गेलाय. डॉक्टर म्हणाले, फार तर वर्षभर वाजवाल. म्हणजे तिची ही पहिली आणि शेवटची रेकॉर्ड.

ती छापून आली. मी ऐकली. तार तुटायच्या आधी आवाज हळूहळू मिटतो, आणि पुढचा तुकडा सुरू. नऊच्या नऊ मिनिटं गायब!

मी तडक मास्तरांच्या घरी. ते म्हणाले, "अगं पोरी, जरा लांबलं होतं. लोकांना वाटलं असतं काहीतरी बिघडलंय."

"आणि आत्याला विचारलंत?"

"तिला वाईट वाटलं असतं."

म्हणजे उपकारच की!

घरी येऊन आत्याला सांगितलं. तिच्या तोंडात खिळे होते. ते एकेक काढून ठोकले, मग म्हणाली, "जाऊ दे गं." मी नाही जाऊ देत. पण त्या दिवशी तिने एक खुर्ची दोनदा उसवून शिवली, हेही मी पाहिलं.

रेकॉर्डचा कार्यक्रम वाचनालयाच्या हॉलमध्ये होता. साठेक माणसं. मास्तर नव्या कोटात. मी वाजवायलाच येणार नव्हते, पण तो बास दुसरं कोण उचलणार?

आत्याने खिशातून पक्कड काढली. सगळ्यांसमोर जाड तार सोडवली, कापली, गुंडाळी करून मास्तरांच्या हातात दिली.

"धरा मास्तर."

आणि सुरू केलं. तीन तारांवर. जिथे चौथी असायची, तिथल्या लाकडावर ती त्या दुखऱ्या अंगठ्याने थापा मारत होती. मी शिरले. नियम नियम आहे, मास्तरांना थांबवता येईना. एका हातात तार, सॅक्सोफोन गळ्यात लटकलेला, उभे आपले पाहुण्यासारखे.

संपल्यावर पहिल्या रांगेतल्या आजींनी हातातलं कव्हर उलटंपालटं करून विचारलं, "हे रेकॉर्डवर कितवं आहे हो?"

"असलं एक होतं. कापलं," मी म्हणाले.

"तोंड आवर," आत्या मला म्हणाली.

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे... ते जरा लांबलं होतं."

आत्या बासला टेकून अंगठा चोळत होती. मान वर न करता म्हणाली, "लांबलं नव्हतं, मास्तर. त्यात तुम्ही नव्हता."